कातडी हकीमसाहेबांची, छाती आत्याची

आमच्या घरात माझ्या आजारांची वाटणी झालेली होती. कातडी हकीमसाहेबांकडं आणि छाती बसाआत्याकडं. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागं आणि मानेवर मला खाज यायची. ती काही साधीसुधी खाज नव्हती. आधी नुसती चुणचुण, मग जाळ, मग नखं, आणि नखांनंतर जे सुख व्हायचं त्याचं वर्णन करायला लाज वाटते. सकाळी चट्ट्यांना लस आलेली असायची, दुपारी सुकून भेगाळायचे आणि संध्याकाळी मी ते पुन्हा ताजे करायची. हा सगळा मुलूख हकीमसाहेबांचा. ते चष्मा कपाळावर सरकवून "खून में गर्मी है" म्हणायचे आणि असलं कडू सरबत द्यायचे, की ते प्यायल्यावर खाजेचं दुःख खरोखरच मागं पडायचं. छातीचा कारभार वेगळा. पहाटे माझ्या छातीत पिपाणी वाजायला लागली की आत्या करडईच्या कोमट तेलात ओवा टाकून पाठ रगडायची आणि फडक्यात गुंडाळलेल्या विटेनं शेकायची. ही दोन खाती एकमेकांशी बोलत नव्हती. हकीमसाहेबांपुढं खोकले, तर ते म्हणायचे, "वो तुमारी फुप्पी कू बताओ." आत्यापुढं खाजवलं, तर ती हातावर चापट मारून म्हणायची, "ते हकीमाला दाखव जा. माझ्याम्होरं नको."

परवा सोलापूरच्या एका तरुण डॉक्टरनं माझ्या नातीला तपासून मोठ्या गंभीरपणानं सांगितलं, की अशी कातडी आणि असा दमा पुष्कळदा एकाच मुलात सोबत येतात. मी फक्कन हसले. सून ओशाळली. त्या पोराला काय सांगणार, की हे मला बाराव्या वर्षी एका रेशीम विकणाऱ्यानं आमच्या ओट्यावर बसून सांगितलं होतं, आणि त्यापायी आमच्या घरात काय काय उकळलं गेलं!

आमचं घर ईट गावात. पुढं अण्णांचं, म्हणजे वडिलांचं, किराणा दुकान, मागं आम्ही. दुकानातल्या गुळाचा, सुक्या खोबऱ्याचा आणि घासलेटाचा वास घरात यायचा आणि घरातल्या फोडणीचा वास दुकानात जायचा. गिऱ्हाईक मिरच्या घेता घेता, "आज आमटी काय, वैनी?" असं आत ओरडून विचारायचं. स्वयंपाकघरावर राज्य बसाआत्याचं, म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीचं. आई कन्नड मुलखातली, मवाळ. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. ती आत्यापुढं फक्त मान हलवायची आणि माझी बडबड फार झाली, की "सुम्मनिरु" म्हणून मला गप्प करायची. आत्या गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायची नाही. आणि तो थेंबसुद्धा दुहेरी फडक्यातून दोनदा गाळलेला. जीवजंतू पोटात जाऊ नये म्हणून ती गहू तीन वेळा निवडायची आणि भाजीचं प्रत्येक पान उन्हात धरून दोन्ही बाजूंनी वाचायची. एकदा सणाला केलेल्या हुग्गीत, म्हणजे गव्हाच्या खिरीत, मुंगी निघाली. एक मुंगी, मेलेली, तीही कडेला. अख्खं पातेलं म्हशीपुढं गेलं. आम्ही भावंडं गोठ्याच्या दाराशी रांगेनं उभं राहून त्या म्हशीचं तोंड बघत होतो. इतका गूळ, इतकी खसखस, आणि खाणारीच्या चेहऱ्यावर काडीची कृतज्ञता नाही.

त्या वर्षी गौराचं, माझ्या थोरल्या बहिणीचं, लग्न ठरलं. स्थळ बार्शीचं. बार्शी म्हणजे इंग्रजी मुलूख आणि आम्ही निजामाच्या मोगलाईतले, त्यामुळं ती मंडळी आमच्याकडं यायची ती जरा नाक वर करूनच. लग्नात नवरीच्या मागं करवली उभी राहते, एका हातात कऱ्हा आणि दुसऱ्या हातात दिवा घेऊन. नवरीनंतर सगळ्या मांडवाची नजर तिच्यावर असते. मी तो मान जन्मापासून माझाच धरून चालले होते. आरशापुढं तांब्या आणि पळी घेऊन मी शंभरदा तरी उभी राहिले असेन. मान किती झुकवायची, डोळे केव्हा पुसायचे, सगळं बसवलेलं. आणि एका जेवणाला अण्णा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "बार्शीची मंडळी लई चौकस हायती. नीलीच्या हातावरचं बघितलं तर म्हणतील, ह्यांच्या घराण्यातच काय तरी हाय. लग्नाच्या दिवसांत तिला मामाकडं मुरूमला धाडू. करवली सुमीला करू."

सुमी म्हणजे माझी चुलत बहीण. तिची कातडी लोण्यासारखी आणि अक्कलही तितकीच घट्ट. मी ताटावरून उठले. कुणी थांबवलं नाही, हे मला जास्त लागलं.

आणि मग लग्नाच्या साड्यांसाठी लीचंद आले. ते चीनचे. बार्शीहून सायकलवर रेशमाचं भलंमोठं गाठोडं बांधून वर्षातून एकदा यायचे. त्यांचं खरं नाव ली का लिऊ असं काही तरी होतं. आत्यानं पहिल्याच वर्षी त्याचं लीचंद करून टाकलं, आणि त्या भल्या माणसानं ते स्वीकारलं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायांनी गाठोडं उसकटलेलं असायचं, म्हणून ओट्यावर बसून ते आधी प्रत्येक तागा नव्यानं घडी घालायचे, आणि मगच विकायला उलगडायचे. बायका दाराआड. मला मात्र पाणी घेऊन बाहेर धाडलं, कारण लीचंद काही बार्शीच्या व्याह्यांपैकी नव्हते. त्यांच्यापासून काय लपवायचं!

मी तांब्या पुढं केला. त्यांनी तो घेतलाच नाही. आधी माझ्या कोपराकडं बघितलं, मग मान तिरकी करून माझा श्वास ऐकला, एखादं कापड चुरगाळून त्याचा आवाज ऐकावा तसा.

"इधर आओ. जीभ दिखाओ."

जीभ दाखवली म्हणून आजवर मी मारच खाल्ला होता. कुणी आपण होऊन मागतंय म्हटल्यावर मी ती हनुवटीपर्यंत बाहेर काढली. त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि नाडी मोजली. अण्णा दुकानातून उठून आले.

"सेठ, इस का चमड़ी खराब नहीं," लीचंद म्हणाले. "फेफड़ा कमजोर. चमड़ी फेफड़े का बाहर का कपड़ा. अंदर आदमी बीमार, तो कपड़ा मैला. तुम लोग कपड़ा धोता, धोता, धोता. आदमी को कोई नहीं पूछता."

दाराआडून आत्याचा घोगरा आवाज आला. चुलीच्या धुरानं तिचा गळा कायमचा बसलेला होता. "ऐकलं का गं! छातीतलं दुखणं कोपरात येतं म्हणं. उद्या पोटातली भूक कानात येईल."

"हाँ अम्मा," लीचंद अगदी शांतपणे म्हणाले, "पेट में बड़ी आँत, वो भी फेफड़े का भाई."

आत्या गप्प झाली. असं होताना मी पहिल्यांदाच बघत होते, आणि त्या क्षणापासून मी लीचंदांची भक्त झाले. त्यांनी पुढं जे विचारलं ते सगळं खरं निघालं. सकाळी नाक गळतं? गळतं. थंडीत दोन्ही वाढतं? वाढतं. मग त्यांनी विचारलं, "बच्ची को कुछ ग़म है? ग़म फेफड़े में रहता."

अण्णा हसले. "बारा वर्षांच्या पोरीला कसलं गम, शेठ?"

"मला करवली व्हायचंय," मी म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले, आणि भोकाड पसरलं. दुकानातली गिऱ्हाइकं ओट्याशी गोळा झाली. मी रडताना छातीतली पिपाणी अशी काही साथ द्यायला लागली की मलाच स्वतःची दया आली. गिऱ्हाइकांपुढं अण्णांचा निरुपाय झाला. "बरं बरं, गप. लग्नापतोर हात साफ झाले तर तूच ऱ्हा उभी. न्हाय झाले तर मुरूम. पुन्हा रडायचं न्हाय."

लीचंदांनी सदऱ्याची कॉलर खाली ओढून स्वतःची मान दाखवली. तिथंही माझ्यासारखाच जुना चट्टा होता. रस्त्याच्या धुळीनं त्यांनाही त्रास व्हायचा, म्हणून त्यांच्या आईचं औषध ते जवळ बाळगायचे. त्यांनी एक कापडी पिशवी काढली. आत तपकिरी, हलकी, कोंड्यासारखी भरड. रोज चिमूटभर, आलं आणि संत्र्याच्या सुक्या सालीबरोबर उकळायची. दही बंद, तिखट बंद, दगडानं अंग घासणं बंद. आत्या आता दाराबाहेर आली होती. तिनं पिशवीचा वास घेतला आणि नेमके तीन प्रश्न विचारले.

"ह्यात मांस हाय?"

"नहीं अम्मा."

"रगत?"

"नहीं."

"हाड?"

"हड्डी भी नहीं."

तिन्ही उत्तरं सोळा आणे खरी होती. चौथा प्रश्न तिला सुचला नाही, यात लीचंदांचा काय दोष?

दुसऱ्या दिवसापासून औषध सुरू झालं. आत्या पिशवी आधी देव्हाऱ्यापुढं ठेवायची, तिला भस्माचं बोट लावायची आणि पूजेच्या तांब्याच्या भांड्यात काढा उकळायची. परक्याचं औषध आधी घरातल्या मोठ्यानं घ्यायचं, ही तिची रीत. "मला काय झालं तर तुमी वाचलात," असं म्हणून पहिला घोट ती घ्यायची, क्षणभर आढ्याकडं बघायची, आणि आपण अजून जिवंत आहोत याची खात्री पटली की पेला माझ्या हातात द्यायची. आठ दिवसांत पिपाणी बारीक झाली. चट्ट्यांच्या कडा वाळल्या. आता इतक्या वर्षांनी मला विचाराल, तर ते औषधानं झालं, की दही-तिखट आणि दगड सुटल्यानं, की नुसत्या करवलीच्या आशेनं, हे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. त्या वेळी मात्र मला शंका नव्हती.

दहाव्या दिवशी पिशवीच्या तळाशी एक न भरडलेला अख्खा तुकडा सापडला. मी तो तळहातावर घेतला. त्याला सहा पाय होते. दोन रिकामे डोळे होते. पाठीवर उभी चीर होती. आणि मी त्याला चांगलीच ओळखत होते. उन्हाळ्यात भर दुपारी झाडांवरून कानठळ्या बसवणारे किडे ओरडतात ना, ते मोठे होताना अंगावरचं जुनं कवच झाडाच्या सालीला चिकटलेलं तसंच सोडून उडून जातात. ओढ्याकाठच्या आंब्यांवर अशी शेकडो कवचं असायची. आम्ही ती एकमेकांच्या वेणीत अडकवायचो.

म्हणजे दहा दिवस मी किडे पीत होते. ठीक आहे, माझं काय! पण आत्या? जी मुंगीपायी हुग्गी म्हशीला घालते ती? भस्म लावून, देवाला दाखवून, रोज सकाळी पहिला घोट? मी कोठीच्या खोलीत पोत्यावर पडून इतकी हसले की दम लागला. आणि दम लागता लागता हसू थांबलं. पिशवी संपली होती. लीचंद सोलापूरच्या वाटेला लागले होते. लग्न अडीच आठवड्यांवर. खरं सांगितलं तर सगळ्या घराची शुद्धी होणार, आणि मी मुरूमला.

त्या दुपारी मी ओढ्यावर गेले आणि ओटीभर कवचं वेचून आणली.

दुपारी आत्या जरा आडवी व्हायची तेव्हा मी खलबत्ता घेऊन बसायची.

"काय कुटायलीस गं?" झोपेतच प्रश्न.

"वेलदोडे, आत्या."

"वास न्हाय आला."

"जुने हायती."

पिशवी भरलेलीच राहिली. लीचंदांनी भरपूर दिलं, असं आत्या कौतुकानं सांगायची. आणि मग एक गोष्ट झाली जी माझ्या हिशोबात नव्हती. आत्याचा गळा सुटला. वीस वर्षांचा घोगरा आवाज एका सकाळी असा खणखणीत बाहेर पडला, की दुकानात अण्णांच्या हातून तागडी सुटली. आत्या जात्यावर गाऊ लागली. शेजारच्या गल्लीतल्या म्हशींना नावानं हाका मारू लागली. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, ती प्रचाराला लागली. "लीचंदाचं औषध घ्या, छातीचं बी जातं अन् कातडीचं बी. मी सांगते ना, कातडी म्हंजे छातीचं कापड असतंय!" आयुष्यभर जणू तिनं दुसरं काही मानलंच नव्हतं. कुणाला द्यायला निघाली, की मी आडवी पडून मला पुरणार नाही म्हणून रडायची. हे मला जमत होतं. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत जमलं.

त्या दिवशी बार्शीची मंडळी उतरली होती. माझे हात अण्णांनी उन्हात नेऊन उलटसुलट बघितले आणि "ऱ्हा उभी," एवढंच म्हणाले. मी हवेतच चालत होते. तेवढ्यात लग्न लावणारे आमचे घरचे जंगम आले. त्यांना सगळे अय्या म्हणत. लागोपाठ तीन लग्नं लावून आल्यामुळं अय्यांचा आवाज पार गेला होता. तोंड हलायचं आणि आतून नुसती फुंकर यायची. बार्शीकर एकमेकांकडं बघू लागले. मंत्र कोण म्हणणार?

"हात्तिच्या!" आत्याचा नवा आवाज घुमला. "माझ्याकडं दवा हाय. अय्या, पेलाभर घ्या, उद्या शंखासारखा गळा होतो का न्हाय बघा."

आणि ती काढा घेऊन आलीसुद्धा. वाफाळलेला, गच्च भरलेला पेला. ह्या वेळी औषध परक्याचं उरलं नव्हतं, त्यामुळं पहिला घोटही नाही. अय्यांनी दोन्ही हात पुढं केले. मी त्यांच्याकडं बघितलं. दिवसातून एकदा, पूजेनंतर, मोजकं जेवणारा म्हातारा माणूस. माझी गोष्ट वेगळी होती, आत्याची गोष्ट मजेची होती, पण ह्या माणसाला तो पेला पिऊ देणं मला जमेना. बोलावं तर बार्शीकरांपुढं घराची शोभा आणि करवलीपण गेलं. गप्प बसावं तर अय्या पिणार.

मी पुढं झाले, पेला हिसकावला आणि सगळ्यांसमोर घटाघटा पिऊन टाकला. जीभ पोळली, टाळू पोळला, डोळ्यांतून पाणी आलं. तळाची भरडसुद्धा ठेवली नाही.

मग गौराच्या होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "पोरगी जरा हावरी दिसती."

"नीले!" अण्णा गरजले. आत्यानं माझा कान धरला. "उद्या मांडवात तुझं तोंड दिसू दे, मग सांगते! सुमे, ए सुमे, करवलीचा परकर काढ बाहेर!"

अय्यांनी हात वर केला. मला खुणेनं विहिरीकडं बोलावलं आणि आपल्या त्या फुंकरीच्या आवाजात विचारलं, "काय होतं त्यात?"

मी सगळं सांगितलं. लीचंद, तीन प्रश्न, आंब्याची झाडं, खलबत्ता. अय्या खाली बघत ऐकत होते.

"तुझी बसव्वाआत्या रोज पहिला घोट घेती?"

"रोज."

"देवाला दाखवून?"

"भस्म लावून."

अय्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात धरला. त्यांचे खांदे गदगदा हलू लागले. मला वाटलं रडतायत. मग नीट बघितलं. पुष्कळ वेळानं डोळे पुसून त्यांनी विचारलं, "किडे मारलेस?"

"न्हाय अय्या. किडा उडून गेल्यावर उरतं, ते."

"मग जीव कुणाचा गेला न्हाय." त्यांनी उपरणं खांद्यावर टाकलं. "करवलीसाठी येवढं केलंस, अन् तीच घालवून बसली असतीस. माझ्यापायी?"

मी मान हलवली. खरं तर त्या वेळी मला फार पश्चात्ताप होत होता, पण तो पेला प्यायल्याचा.

अय्या मांडवात परतले आणि अण्णांना म्हणाले, "पोरीला रागवू नका. आज माझा नेम हाय. पूजेआधी काढा घेतला असता तर नेम मोडला असता. पोरीच्या ध्यानात आलं, मोठ्यांच्या न्हाय आलं. उद्या करवली हीच." मग मीठ-पाण्याच्या गुळण्या करत बसले. आत्याला त्यांनी कधीच काही सांगितलं नाही, मीही नाही. ती ऐंशी पार करून गेली, शेवटपर्यंत खणखणीत बोलत. लीचंद पुन्हा आले नाहीत. युद्धाचे दिवस होते. कोण कुठल्या वाटेला लागलं, कुणाला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बोहल्यामागं उभी राहिले. अंगात नवा रेशमी परकर-पोलका, डाव्या हातात कऱ्हा, उजव्यात पेटता दिवा. मान बरोबर झुकलेली. अय्यांचा आवाज निम्मा परतला होता, त्यामुळं ते सावकाश, थांबत थांबत मंत्र म्हणत होते. आणि उजव्या कोपराच्या आत चुणचुण सुरू झाली. ऊन असेल, घाम असेल, ते नवं रेशीम असेल. आधी चुणचुण, मग जाळ. हात हलवावा तर दिवा विझतो. कऱ्हा खाली ठेवावा तर अपशकुन. समोर तीन हातांवर सासूबाई, डोळे माझ्यावर रोखून. मी ओठ चावला. गुडघे एकमेकांवर दाबले. अय्यांनी मंत्र थांबवून प्यायला पाणी मागितलं. देवा, आता पाणी! माझ्या तोंडून नकळत एक बारीकसा हुंकार निघाला.

पुढं उभ्या गौरानं मान वळवली नाही. खाली घातलेली मान तशीच ठेवून तिनं शालू सावरल्यासारखं केलं, आणि तिचा हळदीचा हात शालूखालून मागं आला. चाचपडत माझं कोपर सापडलं. आणि ती खाजवू लागली. हिरव्या बांगड्या किणकिणत होत्या, शालू हलत होता.

"नवरी लाजून थरथरायली बघा," सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

गौरा खाली मान घालून खाजवत राहिली, अक्षता पडेपर्यंत.